अठ्ठाविसावा दिवस

पाळी बंद केली त्यांनी,
तारखा मात्र ठेवल्या.
दर अठ्ठावीस दिवसांनी परळला जायचं.
बेंबीखाली चार बोटं, डावीकडे,
पुढच्या खेपेला उजवीकडे.
जाड सुईतून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी आत सोडतात,
ते महिनाभर अंडाशयांना गप्प बसवतं.
गाठ काढली मार्चमध्ये.
तिला हेच पाणी लागतं म्हणे,
म्हणून मीटरपासूनच तोडलंय.
कॅलेंडरवर मी अजून तोच लाल गोल काढते.
सवय.

सिस्टर तुस्कानो दारातून ओरडतात,
"टिपणीस, तुमची पाळी!"
बाकावरच्या आम्ही सातआठजणी
एकमेकींकडे बघतो.
एक फस्सकन हसते, मग सगळ्याच.
सिस्टरला कळत नाही काय झालं.

आई फोनवर म्हणते, "म्हणजे गेलीच का गं?"
जशी रेशनच्या रांगेत
मी जरा बाजूला झाले
आणि मागची पुढे सरकली.
तिची एक्कावन्नाव्या वर्षी गेली. मी अडतीस.

"परत येईल?"
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
"इंजेक्शनं संपतील तेव्हा तुम्ही त्रेचाळीस.
येईलही. नाहीही."
त्या दोन 'ही'च्या मध्ये
मी सध्या राहते,
मुलुंड पूर्व, दुसरा मजला.

रात्री तीनला मानेमागून सुरू होतं,
आतून कुणी गॅस मोठा केल्यासारखं.
हेरंब झोपेतच पंखा पाचावर नेतो
आणि स्वतःवर दुलई ओढून घेतो, बिचारा.
मी जाऊन कडप्प्याच्या ओट्यावर गाल टेकते.
एक बाजू तापली की दुसरी,
भाकरीसारखी.
परवा गाळणीला काय म्हणतात तेच आठवेना.
"ते रे... भोकांचं," म्हटलं,
तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला.
जवळ येतो तेव्हा दुखतं.
त्याबद्दल बोललो नाही अजून.
दिवाळीनंतर बोलू.

कपाटात पॅडचं अर्धं पाकीट आहे.
टाकवत नाही.
कुणाला देववतही नाही.

बँकेत मी लॉकर बघते.
तळघर, खिडकी नाही, एसी सोळावर.
दाभोळकर स्वेटर घालून येतात आणि रिमोट लपवतात.
प्रत्येक लॉकरला दोन किल्ल्या:
आधी बँकेची फिरते, मग गिऱ्हाइकाची.
हल्ली सकाळी माझी बोटं
वळायलाच तयार नसतात.

मंगळवारी जवेरबेन छेडा आल्या, दोनशे बारा नंबर.
माझी किल्ली अर्ध्यात अडली
आणि नेमकं तेव्हाच ते आलं:
कानशिलं, गळा, ब्लाउजच्या आत ओघळ.
सणाची गर्दी, वर तिघं ताटकळलेले,
आणि मी भिंत धरून उभी.
त्यांनी विचारलं काहीच नाही.
माझ्या हातावर हात ठेवून किल्ली फिरवली,
मग मानेला धरून
माझं कपाळ टेकवलं दोनशे बाराच्या पोलादाला.

"थंड आहे ना? अशीच उभी रहा.
माझं एकेचाळीसला काढलं, पूरं.
घरात तेरा माणसं. कुणाला सांगणार?
मी गोदरेजच्या कपाटाला डोकं लावायची,
साडी शोधते असं म्हणून."

"किती वर्षं?"

"साड्या पुष्कळ होत्या," त्या म्हणाल्या.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
आत अकरा चाळीस, बाहेर अकरा बावन्न.
त्यांची सही, माझी सही.
अर्ध्या जिन्यात त्या थबकल्या.
"अरे, बांगड्या तर राहिल्याच."

परत उतरलो दोघी.